मजूर नाक्यावरच्या स्थलांतरितांचं दस्तावेजीकरण : काय नोंदवायचं, कसं नोंदवायचं आणि कागद कुणाकडे ठेवायचे?

टाचणवही

गिरणगावावर पुष्कळ लिहिलं गेलं, आणि ते व्हायलाच हवं होतं. ते शक्य झालं याचं एक कारण असं की गिरणीत हजेरीपट होता, युनियनची वर्गणी-पावती होती आणि कामगाराला चाळीचा पत्ता होता. आज मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या नाक्यांवर किंवा पुण्यात वारजे, डांगे चौकासारख्या मजूर अड्ड्यांवर सकाळी सातपासून उभ्या राहणाऱ्या बाया-माणसांकडे या तिन्हींपैकी बहुधा एकही गोष्ट नसते. यवतमाळ, वाशिम, हिंगोली, परभणी, जालन्याकडचे बंजारा, मातंग, बौद्ध, वडार. कलबुर्गी-यादगीरकडचे कन्नड बोलणारे. महबूबनगर-नारायणपेठचे तेलुगू बोलणारे. शिवाय उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, बंगालचे. शहरातला प्रत्येक स्लॅब यांच्या डोक्यावरून गेला आहे आणि यांचा मागमूस कुठल्याही दप्तरात नाही.

आकडेवारीतून ते का निसटतात तेही बघा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४व्या फेरीत (२००७-०८) अल्पकालीन स्थलांतरित कुणाला म्हणायचं? मागच्या ३६५ दिवसांत एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी काळ कामासाठी गावाबाहेर राहिलेल्याला. दसऱ्यानंतर येऊन पेरणीला परतणारं कुटुंब शहरात सात-आठ महिने असतं, म्हणजे या व्याख्येबाहेर. शहरात ते पालात किंवा बांधकामाच्या जागेवर राहतं, त्यामुळे तिथल्या घरयादीतूनही सहज सुटतं. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्या दिवसांत नाके भरलेले असतात. त्याआधी आपल्या हातात काही नीट नोंदी असाव्यात, असं मनापासून वाटतं.

माझा आग्रह एवढाच : नोंदीचा पहिला विषय त्यांचं काम असावं. कुठे, कोणतं, किती दिवस, किती ठरलं, किती मिळालं. सुख-दुःखाच्या गोष्टी त्यातून आपसूक येतात. उलट बाजूने सुरुवात केली की हळहळ हाती लागते आणि माहिती लागत नाही.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया मोघम लिहू नये. माप, वेळ, पद्धत, कुठे अडतं, सगळं लिहा.

घमेलं

चांगला धागा. सुरुवात वेळेपासून करतो, कारण पहिली चूक तिथेच होते.

सात ते दहा या वेळेत नाक्यावर कुणालाही मुलाखतीला बसवू नका. त्या तीन तासांवर दिवसाची रोजी ठरते. तुमच्याशी बोलत कडेला गेलेला माणूस गाडी थांबते तेव्हा दिसत नाही, आणि त्याचा दिवस बुडतो. या वेळेत फक्त मोजणी करा. ती अशी :

सात, आठ, नऊ आणि दहा वाजता डोकी मोजायची. बाया, पुरुष, मिस्त्री (हातात थापी-ओळंब्याची पिशवी असते) आणि बिगारी वेगळे. किती जण कामावर गेले ते दर तासाच्या फरकातून काढू नका, कारण मधे नवेही येतात. त्यासाठी दुसरा माणूस बसवून प्रत्येक टेम्पो-दुचाकीमागे किती गेले त्याच्या रेघा ओढायच्या. एकाच दिवसाची मोजणी निरुपयोगी. सोमवार, शनिवार, अमावस्या आणि महिन्याची दहा तारीख असे निदान चार दिवस घ्या. अमावस्येला अनेक जागी स्लॅब भरत नाहीत आणि काम बंद असतं, त्यामुळे त्या दिवशी नाका एकतर ओस असतो किंवा दुसऱ्याच माणसांनी भरलेला असतो.

नाका एकसंध नसतो हेही लक्षात ठेवा. भाषेप्रमाणे आणि कामाप्रमाणे घोळके ठरलेले असतात. चहाच्या टपरीपाशी एक, बसथांब्यापाशी दुसरा, बंद दुकानाच्या पायरीवर बाया. कागदावर चौकाचा साधा नकाशा काढून कोण कुठे उभं राहतं ते आधी टिपा. पुढे मुलाखतीसाठी माणसं निवडताना प्रत्येक घोळक्यातून घेता येतात. नाहीतर जो पुढे होऊन बोलतो तोच ‘नाका’ होऊन बसतो, आणि तो बहुतेकदा मुकादम असतो.

पूर्वा_नि

मग निवांत बोलायचं कधी? संध्याकाळी सहा ते आठ चूल असते, नंतर माणसं दमलेली.

घमेलं

अमावस्या, रविवारची दुपार, आणि पावसाळ्यात मागे राहिलेल्यांसाठी काम नसलेला कुठलाही दिवस. साडेदहानंतर नाक्यावर उरलेल्यांना वेळ असतो, पण त्या दिवशी काम न मिळालेल्या माणसाला दीड तास बसवणं बरं नव्हे. त्यांच्याशी दहा मिनिटं बोलून पुढची वेळ ठरवावी.

आणि दिवसा बोलावून कुणाचा अर्धा दिवस घेणार असाल तर अर्ध्या दिवसाची चालू रोजी द्या. मिस्त्रीला मिस्त्रीची, बिगाऱ्याला बिगाऱ्याची. आधी ठरवून, सगळ्यांना सारख्या नियमाने. ‘पैसे दिले की माणसं हवं ते सांगतात’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो की फुकट वेळ मागितला तर कोण येतं? ज्याला परवडतं तो. म्हणजे पुन्हा मुकादमच.

जुनापाना

कागदांबद्दल लिहितो. या कुटुंबांकडे कागद नाहीत हा समज चुकीचा आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीत, कधी देव्हाऱ्यामागे बरंच काही असतं. मात्र कशाचं मोल काय हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

रेशनकार्ड : मागची बाजू आणि आतली पानं चुकवू नका. नावं वाढवल्या-कमी केल्याचे शिक्के, दुकान बदलल्याची नोंद, लग्न होऊन गेलेल्या मुलीचं कापलेलं नाव, हे सगळं तिथे असतं. महाराष्ट्रात पिवळं, केशरी, पांढरं असं तिरंगी कार्ड १ मे १९९९पासून आलं. त्याआधीचं कार्ड कुणी जपून ठेवलं असेल तर ते आधी स्कॅन करा.

झोपडीचा फोटोपास : मुंबईत १९७६ साली झोपड्यांची गणना होऊन फोटोपास दिले गेले. घरात कुणाकडे तो असेल तर कुटुंब शहरात कधीपासून आहे याचा तो सर्वांत भक्कम पुरावा. पुनर्वसनासाठी १ जानेवारी २००० आणि पुढे सशुल्क घरासाठी १ जानेवारी २०११ या तारखांपर्यंतचं वास्तव्य दाखवावं लागतं, म्हणून या कागदांची किंमत निव्वळ ऐतिहासिक नाही.

जुनी कागदी मनीऑर्डर : हिचे तीन तुकडे दोन ठिकाणी जायचे. पैसे भरल्याची पावती पाठवणाऱ्याकडे, म्हणजे शहरात. पैसे मिळाल्याची पोच, त्यावर आईचा किंवा बायकोचा अंगठा, तीही पाठवणाऱ्याकडे परत यायची. आणि ज्यावर दोन ओळी मजकूर लिहिलेला असायचा ते कूपन गावी राहायचं. शहरात पोचांची गड्डी सापडली तर गावाकडच्या घरी कूपनं शोधायला सांगा. दोन्ही जुळवली की कोणत्या महिन्यात किती पैसे गेले, कोणत्या महिन्यात गेलेच नाहीत आणि काय निरोप होता, हे सगळं ओळीने लागतं. अशी जुळलेली गड्डी कुठल्याही पाहणीपेक्षा जास्त बोलते.

कागदावर तारीख नसेल तर खुणा बघा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो १५ ऑगस्ट १९७२नंतरचा. छापील मजकुरात शहराचं नाव बॉम्बे की मुंबई, यावरून १९९५ची रेघ मारता येते, पण जुनी स्टेशनरी काही वर्षं वापरली जाते हे गृहीत धरा.

जिल्ह्यांच्या नावांनी फार घोटाळा होतो. माणूस म्हणतो ‘आम्ही वाशिमचे’ आणि कागद म्हणतो अकोला. दोघंही खरे, कारण वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ला झाला. हिंगोली १ मे १९९९ला परभणीतून, जालना १ मे १९८१ला औरंगाबादेतून. यादगीर आधी गुलबर्ग्यात (आजच्या कलबुर्गीत) होतं, नारायणपेठ २०१९पर्यंत महबूबनगरात, आणि महबूबनगर-नारायणपेठ २ जून २०१४पूर्वी आंध्र प्रदेशात. नोंद करताना गाव आणि तालुका कागदावर आहे तसा लिहा आणि आजचा जिल्हा वेगळ्या रकान्यात. एकाच रकान्यात ‘दुरुस्त’ करून टाकलंत तर मूळ कागद नंतर सापडत नाही.

दगडफूल

स्कॅनिंगचं मी पुरवणी म्हणून लिहिते.

मजकुराच्या कागदाला ३०० डीपीआय पुरतं. फोटो, शिक्के, अंगठे, पुसट शाई यांना ६००. रंगीतच करा, कृष्णधवल नको. शाईचा रंग आणि शिक्क्याचा रंग वेगळा दिसला पाहिजे. ए-फोर कागद ६०० डीपीआयला रंगीत टिफमध्ये साधारण १०० एमबी होतो, ३००ला २५-२६ एमबी. त्या हिशेबाने जागा ठेवा.

लॅमिनेशन केलेलं रेशनकार्ड फाडून उघडायचा मोह आवरा, आतली शाई वर चिकटून येते. तसंच मोबाइलने टिपायचं असेल तर कागद सपाट ठेवून दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांत उजेड घ्या, फ्लॅश बंद. उन्हात चकाकी येते. दाराच्या सावलीत पांढऱ्या चादरीवर उत्तम काम होतं. बाजूला पट्टी ठेवा म्हणजे कागदाचा आकार कळतो. घड्या इस्त्रीने काढू नयेत आणि फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि त्याखालची अक्षरं जातात.

कागद वस्तीबाहेर न्यायचा नाही. हा नियम पाळाच. ‘उद्या आणून देतो’ म्हणून गेलेली रेशनकार्डं अनेकांनी पाहिली आहेत, आणि एकदा हे झालं की त्या वस्तीत पुन्हा कुणी पिशवी उघडत नाही.

व्हॉट्सॅपवर फोटो मागवत असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो इतका दाबला जातो की शिक्का वाचता येत नाही.

सावळा_रंग

ध्वनिमुद्रण :

पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. भिंतीला गोधड्या, वाळत घातलेले कपडे असतील तर ते काढायला सांगू नका, उलट त्यांच्याकडे तोंड करून बसा. पंखा बंद, आणि बंद करणं शक्य नसेल तर त्याच्याकडे पाठ. पाऊस पत्र्यावर पडायला लागला की मुद्रण थांबवा, ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाही.

कॉलरला लावायचा वायरचा माईक हनुवटीखाली एक वीतभर. बंजारा बायकांच्या पारंपरिक कांचळी-फेटियावर आरसे, नाणी, घुंगरं असतात; दागिन्यांचा प्रत्येक हालचालीला आवाज होतो. माईक पदराला किंवा ओढणीला न लावता खांद्याकडच्या साध्या कापडावर लावा. मंगळसूत्राचंही तेच. आधी एक मिनिट मुद्रण करून कानात हेडफोन लावून ऐका. हेडफोनशिवाय मुद्रण करणं म्हणजे अंधारात दोरा ओवणं.

सेटिंग : डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. तासाला साधारण ५२० एमबी लागतात. आवाजाची उंची सगळ्यात मोठ्या शब्दाला उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवा, म्हणजे मधेच कुणी हसलं तरी फुटत नाही. मोबाइल वापरत असाल तर एअरप्लेन मोडवर. मुलाखतीच्या मधे फोन आला तर काही फोनमध्ये मुद्रण तिथेच थांबतं आणि ते कळत नाही.

सुरुवातीला तारीख, जागा आणि व्यक्तीचा क्रमांक बोला. शेवटी तीस सेकंद कुणीही न बोलता खोलीचा आवाज घ्या, संपादनात लागतो.

लिहून काढायला लागणारा वेळ लोक फार कमी धरतात. ओळखीच्या भाषेतला एक तास टाइप करायला चार ते सहा तास जातात. भाषांतरासकट आठ-दहा. म्हणून आठवड्याला दोनपेक्षा जास्त मुलाखती ठरवू नका. न लिहिलेल्या फाइलींचा ढीग साचला की त्या पडूनच राहतात.

तांडेकर

वरचं सगळं योग्य आहे. काही गोष्टींची भर, आणि मूळ मुद्द्याला थोडा विरोध.

पहिलं, भाषा. गोरबोली (बंजाऱ्यांची बोली) बोलणाऱ्या बाईला मराठीत विचारलं तर ती मराठीत तिला येतं तेवढंच सांगते. दुभाषा घ्या, पण मुकादमाच्या घरातला नको. ज्याच्याकडून उचल घेतली आहे त्याच्या मुलासमोर उचलीचा आकडा कोण सांगेल? शक्यतो बाईसाठी बाई दुभाषी. लिहून काढताना दोन रकाने : डावीकडे देवनागरीत मूळ बोली, उजवीकडे मराठी, आणि दर मिनिटाला वेळेची खूण. गोरबोली, वडारी, नारायणपेठकडची तेलुगू, तिन्हींना हेच लागू.

दुसरं, जात आणि राज्य ही जोडी नेहमी एकत्र नोंदवा. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातींत आहेत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात लंबाडा म्हणून अनुसूचित जमातींत. वडार महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात भोवी म्हणून अनुसूचित जातींत. एकाच नाक्यावर एकच बोली बोलणारी तीन कुटुंबं तीन वेगळ्या याद्यांत असतात, आणि दुसऱ्या राज्यातून आलेल्याला इथे त्याच्या दाखल्याचा आरक्षणासाठी उपयोग होत नाही. नुसतं ‘बंजारा’ लिहिलंत तर त्या कुटुंबाच्या मुलांना कॉलेजात काय मिळू शकतं आणि काय नाही, हे तुमच्या नोंदीतून कळणारच नाही.

महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याला वास्तव्याचा पुरावा मागतात, त्याच्या तारखा अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा किंवा गावचं कोतवाल बुक (जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) इथे कामी येतं. मुलाखतीत ‘आजोबा कोणत्या गावच्या शाळेत गेले होते, दाखल्यावर आडनाव काय लागलं होतं’ हा प्रश्न जरूर ठेवा. पुढे कुणाच्या नातवाला दाखला काढताना तुमचीच नोंद वाट दाखवेल.

तिसरं, विरोध. फक्त काम नोंदवा म्हणता, तर होळी कुठे बसते? तांड्यावरची माणसं होळीला गावी जातात, लेंगी (होळीची गाणी) तिथे गातात. जी जाऊ शकत नाहीत ती शहरात, वस्तीच्या मोकळ्या जागेत गातात. लग्नात गायचा ढावलो आता कुणाला किती येतो, तांड्याचे प्रमुख म्हणजे नायक-कारभारी शहरातल्या वस्तीत आहेत का आणि तंटा कुणासमोर सुटतो, रामनवमीला पोहरादेवीला, बंजाऱ्यांच्या तीर्थाला, कोण गेलं, हे ‘सांस्कृतिक’ म्हणून बाजूला टाकण्याचं काही नाही. कोण किती खाडे करून गावी गेलं याचा हिशेबही त्यातच आहे.

टाचणवही

मान्य, तांडेकर. सण आणि खाडे एकाच कॅलेंडरवर आणायला हवेत. मूळ धाग्यात मी ते तोडून टाकलं होतं.

मृदगंध१२

बायकांच्या कामाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. तक्त्यात ‘व्यवसाय : बिगारी’ एवढं लिहून संपवू नका. दिवसभरातली कामं सुटी करा : रेती चाळणं, माल कालवायला पाणी आणणं, घमेलं भरणं, डोक्यावरून मजल्यावर नेणं, विटा देणं, कोबा झाल्यावर पाणी मारणं, संध्याकाळी जागा झाडणं. सिमेंटची गोणी ५० किलोची हे सगळ्यांना माहीत असतं, पण भरलेलं घमेलं किती किलोचं आणि दिवसाला किती फेऱ्या, हे कुणी तोलून-मोजून लिहिलेलं नसतं. साधा काटा घेऊन जा, पाच घमेली तोला, सरासरी लिहा. मजला कितवा, शिडी की जिना, तेही लिहा. मग ‘हलकं काम म्हणून बाईला कमी रोजी’ हे वाक्य कागदावरच उघडं पडतं.

नवरा-बायको जोडीने कामाला जातात तेव्हा मजुरी कुणाच्या हातात पडते हा प्रश्न वेगळा विचारा. उक्त्या कामात दोघांची मिळून एकच रक्कम ठरते, आणि हिशेबात बाईचं नावच येत नाही.

बाळंतपण कुठे झालं, तेव्हा किती दिवस काम सुटलं, मूल दिवसभर कुठे असतं. हे प्रश्न पुरुषांनाही विचारा.

घमेलं

उक्त्याचा विषय निघाला म्हणून खोदाईचं सांगतो, वडार वस्त्यांत लागेल. हाताने खोदाई होते तिथे पैसे ब्रासवर ठरतात, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. खोली मोजता यावी म्हणून खड्ड्यात मधे मातीचा एक खुंट न खोदता सोडतात. त्याच्या माथ्यावरचं गवत शाबूत असेल तरच ती मूळ जमिनीची पातळी. खुंटाचा माथा कुणी तासला तर खोली कमी भरते आणि मजुराचे पैसे जातात. जुन्या वडार माणसांना या मोजणीबद्दल विचारा. लांबी-रुंदी-खोलीचा गुणाकार न शिकलेली माणसं तोंडी करायची, त्याची पद्धत घरागणिक वेगळी असते आणि ती जशीच्या तशी मुद्रित करून ठेवण्याजोगी आहे. जेसीबी-पोकलेन आल्यावर हे ज्ञान बाजूला पडलं. सुतकी, पहार, छिन्नी, घण यांचे फोटो घेताना दांड्याची लांबी आणि लोखंडाचं वजन लिहा.

पूर्वा_नि

वर्षं आठवत नाहीत त्यांचं काय करायचं? ‘लई वर्षं झाली’ यापुढे गाडी जात नाही.

जुनापाना

वर्ष विचारूच नका. चार धागे लावा.

एक, मोठ्या घटना : ७२चा दुष्काळ, ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट, २६ जुलै २००५चा पाऊस, ८ नोव्हेंबर २०१६ची नोटबंदी, २५ मार्च २०२०चं लॉकडाऊन. दोन, स्वतःची मुलं : थोरली पोटात होती की चालत होती? तीन, शेतीचा हंगाम : कापूस वेचून आलात की त्याआधी? चार, आणि हा सर्वांत उपयोगी, बांधकाम. कोणत्या पुलावर, कोणत्या स्टेशनच्या कामावर होतात? वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ला सुरू झाला, मुंबईची पहिली मेट्रो २०१४ला, हार्बरची गाडी वाशीला १९९२ला पोचली. बांधणारा माणूस त्याआधीच तिथे होता, म्हणजे वरची मर्यादा मिळते. दोन धागे जुळले तरच वर्ष लिहा, नाहीतर ‘१९९० ते ९३ दरम्यान’ असं लिहा. अंदाजाने एक आकडा ठोकू नका.

सावळा_रंग

ठेकेदारामार्फत दुसऱ्या राज्यातून आलेल्यांना आणखी एक विचारा : फोटो लावलेलं पासबुक कधी मिळालं होतं का? १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ते देणं ठेकेदारावर बंधनकारक होतं. त्यात कामाची जागा, मुदत, मजुरीचा दर, कपात, परतीचं भाडं हे सगळं लिहायचं होतं. उत्तर ‘नाही’ आलं तर तेही नोंदवा. अनेकांच्या ‘नाही’ची एकत्र यादी हा स्वतःच एक दस्तावेज असतो.

टाचणवही

मजुरीची नोंद कशी घ्यावी यावर माझी पद्धत मांडते. ‘रोज किती मिळतात?’ याला उत्तर मिळतं ते चांगल्या दिवसाचं. त्याऐवजी गेले सात दिवस मागे मागे जात विचारायचं. काल, परवा, तेरवा. प्रत्येक दिवसाला सहा रकाने : काम मिळालं का, कुठे, कोणतं, किती ठरलं, हातात किती, बाकी किती. खाड्याचं कारण वेगळं : काम नाही, आजार, रेशनची रांग, गावी मयत. आठवडी खर्ची आणि वर्षाची उचल यांची सरमिसळ करू नका. खर्ची मजुरीतून वळती होते. उचल अनेकदा पुढच्या वर्षावर जाते आणि माणूस त्याच मुकादमाशी बांधला जातो.

बुडालेल्या मजुरीसाठी स्वतंत्र पान. इमारतीची जागा, कामाचे दिवस, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम, ठेकेदाराचं नाव जसं ऐकलं तसं, सोबत कोण होतं. मजुरांना अनेकदा ‘तो पांढऱ्या गाडीवाला’ एवढंच माहीत असतं, तेही लिहा. हे पान त्या माणसाकडेच राहायला हवं, दोन प्रतींत. तक्रार करायची झाली तर त्याला त्याच दिवशी लागणार.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला १८ ते ६० वय आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरच्या माणसाचा मालक रोज बदलतो, त्यामुळे तो दाखला देणार कोण, इथे गाडी अडते. सात दिवसांचा हा तक्ता वर्षभर दर आठवड्याला भरला तर निदान बोलायला आधार राहतो. सही करणारा अधिकारी तो मानेलच असं नाही, पण कुठे किती दिवस काम केलं हे तारखेनिशी समोर ठेवता येतं.

दगडफूल

संमतीबद्दल. कागदावर अंगठा घेतला की काम झालं असं मानू नका. पाच गोष्टींची संमती वेगवेगळी विचारा आणि ती मुद्रणातच घ्या : नाव वापरायचं का, आवाज ऐकवायचा का, चेहरा दाखवायचा का, कागद दाखवायचे का, गावाचं नाव द्यायचं का. मुलाखत त्यांना ऐकवून झाल्यावर हेच पुन्हा विचारा. दुसऱ्या वेळी उत्तरं बदलतात, आणि दुसरी उत्तरं पाळायची.

काही गोष्टी परवानगी असली तरी जाहीर करू नयेत. आधारचे पहिले आठ आकडे, बँक खातं, पालांची नेमकी जागा, पाणी आणि वीज कुठून घेतात, कामावर गेलेल्या अल्पवयीन मुलाचं नाव, मुकादमाच्या उचलीचा आकडा. हे सगळं बंद प्रतीत. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप चिकटतात, ते बाहेर देण्याआधी काढा. खुल्या ऑनलाइन नकाशांवर पालं दाखवू नका. ती माहिती सर्वांत आधी अतिक्रमणवाल्यांच्या उपयोगी पडते.

विकिमीडिया कॉमन्सवर फोटो चढवण्याआधीही थांबा. तिथला मुक्त परवाना परत घेता येत नाही. उद्या त्या बाईने ‘माझा फोटो नको’ म्हटलं तर आपल्या हातात काही राहत नाही.

रानवारा

फाइलींची नावं रोमन लिपीत ठेवा, जुन्या झिप फाइलींत देवनागरी नावांची चौकटीं-चौकटींची माळ होते. क्रम : वर्ष-महिना-दिवस, नाक्याची तीन अक्षरं, व्यक्तीचा क्रमांक, मग प्रकार. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या वहीत, तीही संगणकावर नको. तीन प्रती : एक वस्तीत, एक तुमच्याकडे, एक तिसऱ्याच गावी. वर्षातून एकदा प्रत्येक डिस्क उघडून चार-पाच फाइली चालवून बघा.

पूर्वा_नि

‘एक वस्तीत’ म्हणजे कशी? तिथे संगणक नाही, आणि माणसं दसऱ्याला येऊन जूनमध्ये जाणार.

तांडेकर

मेमरी कार्डावर, एमपीथ्री करून, प्रत्येक कुटुंबाला फक्त त्याचंच मुद्रण. फोनमध्ये घातलं की वाजतं. त्यासोबत कागदांच्या रंगीत प्रती एका पारदर्शक फोल्डरात, वर मोठ्या अक्षरात कुटुंबाचं नाव. हे फोल्डर पेरणीला गावी जाताना बरोबर जातं. गावच्या घरात एक प्रत राहू द्या आणि दुसरी परत येताना आणायला सांगा. वस्तीत वर्षभर राहणारं एखादं भाड्याच्या खोलीतलं कुटुंब असतंच, सामायिक संच त्यांच्याकडे, पण बंद प्रत तिथे ठेवायची नाही. फोल्डर देताना त्यात काय काय आहे ते घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराकडून मोठ्याने वाचून घ्या. एखादं नाव चुकलं असेल तर तिथल्या तिथे कळतं.

जुनापाना

आणि जूनमध्ये गावी जायच्या आधीच द्या, म्हणजे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. रोहिणी नक्षत्र लागलं की नाका रिकामा व्हायला लागतो.